रेघेची जाडी

एलमिरा फोंतेनो टेबलावर कोपरं टेकून विचारते,
"माझं घर रेघेच्या अलीकडे, की पलीकडे?"

लुइझियानाचा दक्षिण किनारा माझ्या पानावर
जेमतेम बोटाच्या पेराएवढा.
झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही ही झेरॉक्स.
एकशे चाळीसमधल्या चाराचं पोट शाईनं बुजलंय,
नऊ वाटावा असा झालाय तो,
आणि पॅरिशच्या हद्दी
कुणी छापल्याच नाहीत.

मी भिंग काढतो.
तेरिओसाहेब निवृत्त झाले तेव्हा
खणात विसरून गेले, की मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे.
भिंगाखाली रेघ मोठी होते.
गाव मोठं होत नाही, कारण गाव नाहीच नकाशात.
एक खाडी आहे.
तोही डाग असू शकेल.

पट्टी लावतो, प्रमाण मांडतो,
समासात गुणाकार करतो:
रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर,
म्हणजे जमिनीवर चार मैल.
शाळा, चर्च, कोळंबीचा धक्का,
क्लोव्हिसची बोटी दुरुस्त करायची शेड
आणि एलमिराचे नवे सोळा खांब,
सगळे रेघेच्या पोटात.

नोकरीला लागलो तेव्हा वाटायचं
नियमातली रेघ म्हणजे काळ्या दगडावरची.

"बाई, तुम्ही अलीकडेही नाही, पलीकडेही नाही.
तुम्ही रेघेत राहता."

ती हसत नाही.

मी तळटिपा वाचून दाखवतो.
दोन रेघांच्या मधे असाल तर हिशेबानं मधला आकडा काढा.
शेवटच्या रेघेबाहेरच्या बेटांनी शेवटचीच रेघ आपली म्हणा.
डोंगर, दऱ्या, समुद्राची टोकं असतील तर
स्थानिक माहीतगाराला विचारा.

"स्थानिक माहीतगार कोण?"
"इथं? मीच."
"तुम्ही तर श्रीव्हपोर्टचे."

मग ती पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढते,
पिशवीतून जुना परवाना,
पाणी पिऊन वाळलेला, कडक.
त्यावर तेरिओसाहेबांची सही आणि एकशे दहा.
"तेव्हा एकशे दहा. आता म्हणता एकशे चाळीस.
वारा एवढा वाढला?"

नाही, मी म्हणतो, वारा तोच,
मोजायची रीत बदलली.
आधी जी खबरदारी नंतर गुणायचे
ती आता आकड्यातच धरतात.
तेव्हाचे एकशे दहा म्हणजे
(कॅल्क्युलेटर, वर्गमूळ)
आताचे एकशे एकोणचाळीस.
जवळजवळ तेच की.

"तेच," ती म्हणते.
"मग त्या घराची नुसती पायरी का राहिली?"

पंख्यानं नकाशाचा कोपरा उचलला,
मी त्यावर भिंग ठेवलं.

नकाशावर बारीक अक्षरात लिहिलंय
हा वारा सातशे वर्षांतून एकदा.
ती एकाहत्तर वर्षांची आहे,
तिसऱ्यांदा बांधतेय.
हे तिनं सांगितलं नाही,
अर्जात दोन वेगवेगळ्या रकान्यांत होतं.

पुस्तक लिहिणाऱ्यांनी
कुणाला वाऱ्यावर सोडायचं म्हणून सोडलं नसणार.
त्यांनाही कुठंतरी पेन टेकवावं लागलं असेल.

"एकशे पन्नास धरू," मी म्हणतो.
छपराला बावीस पट्ट्या जास्त, खिळे लांब,
उत्तरेकडची मोठी खिडकी लहान.
पाकिटाच्या पाठीवर ती बेरीज करते,
हातचा एक ओठांत धरून.
कोळंबीचा भाव पडलाय या साली.
खिडकीपाशी तिचा हात थांबतो.

"पट्ट्या लिहा. खिडकी राहू दे."

खिडकीवर आम्ही वीस मिनिटं भांडलो.
शेवटी फळीचं झडप ठरलं,
बाहेरून लावायचं, आतून नाही,
म्हणजे वादळात ते लावायला कुणीतरी
बाहेर उभं राहायला हवं.
तेही अर्जात लिहायला रकाना नव्हता.

निघताना तिनं माझी पेन्सिल उचलली
आणि नकाशावर एक ठिपका दिला, दाबून.
"इथं."
ठिपका रेघेपेक्षा जाड होता.
त्यात अर्धी पॅरिश बुडाली, थोडा समुद्रही.

खोडायला हवा होता.
आता या पानाची झेरॉक्स काढली
की प्रत्येक प्रतीवर तिचं घर येतं,
आणि लोक विचारतात
इथं काय आहे?